संशोधन म्हणे मास्तरांना पचत नाही!

दोनशिक्षकी_शिरपूर
काल एका साहेबांनी इथं लिहिलं, 'असर'चा शाळकरी पोरांच्या वाचन-गणिताचा अहवाल २००५ पासून ओरडतोय की पाचवीतल्या कित्येक पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, पण मास्तरांना संशोधनाचं वावडं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. झेडपीची शाळा, चार वर्ग, दोन मास्तर, त्यातला एक कायम बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला. २०१५ ला राज्य सरकारचं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि ज्ञानरचनावाद (पोरानं करून बघत स्वतः शिकावं, ही कल्पना) म्हणजे फरशीवर अक्षरं रंगवा, असा निरोप खालपर्यंत पोचला. ऑइलपेंटचे डबे आमच्या खिशातून. पोरं त्यावरच बसून खिचडी खायची. दोन पावसाळ्यांत 'क'चा 'व' झाला. मग केंद्राचं वाचन-गणिताचं निपुण भारत आलं. आधीच्याचं काय झालं, कुणी विचारलं?

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा
गुरुजी, रंगाचा राग संशोधनावर काढू नका. बॅनर्जी-डुफ्लो या अर्थतज्ज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं त्यामागं बडोदा-मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतलं काम होतं. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पोरं रोज दोन तास वेगळी बसवली, वस्तीतल्याच मुलींनी शिकवलं, गुण वाढले. पोराला येतं तिथून सुरू करा, एवढंच. यात ऑइलपेंट कुठं आला?

दोनशिक्षकी_शिरपूर
पुढचंही वाचा की. बिहारमध्ये सरकारी मास्तरांनीच उन्हाळी शिबिरात हीच पद्धत चालवली, पोरं वाचायला लागली. शाळा सुरू असताना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर फरक शून्य. उन्हाळ्यात पोर्टलवर रोजची माहिती भरणं नसतं, साहेब. आहाराचा हिशेबही नसतो.

पालक_अमळनेर
हो हो, सगळा दोष पोर्टलचा! स्वतःची पोरं कोणत्या शाळेत घालता तेही लिहा ना. आमच्या गावात गुरुजींचा मुलगा पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातो.

दोनशिक्षकी_शिरपूर
माझी मुलगी माझ्याच शाळेत चौथीत आहे. पुढं बोला.

खान्देशी_बाणा
मूळ दुखणं भाषेचं आहे. पहिलीत मी "गुर्जी, माले घर जानं शे" म्हटलं तर वर्ग हसला, गुरुजीही हसले. दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही मी. बहिणाबाईंची कविता पुस्तकात चालते, पण पोरानं अहिराणीत बोललं की गावंढळ!

यावलकर
बहिणाबाईंना अहिराणीत ओढू नका. लेवा गणबोली आहे ती. दर वेळी हेच.

खान्देशी_बाणा
बरं बाबा, लेवा. खूश? मुद्दा तोच राहतो.

यावलकर
नाही राहत. पुण्यावाल्यांनी आपल्याला एका पोत्यात भरलं की चिडायचं, आणि आपण तेच करायचं?

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा
पुण्यावाले मध्ये कुठून आले?

धडगावची_लेक
तुमचं उरकलं असेल तर बोलू? आमच्या घरात पावरी, सातपुड्यातली आदिवासी बोली. गुरुजी डोंगराखालून यायचे, आपसात अहिराणी बोलायचे. आम्हाला तीही पुस्तकाइतकीच परकी. नर्मदेकाठच्या, नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळांत नव्वदच्या दशकापासून आमच्या बोलीचा हात धरून शिकवतात. ते बघायला किती अधिकारी डोंगर चढले? आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. पोर वर्गातच नाही, तर दुसरीचा उतारा कोण वाचणार, भिंत?

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा
ताई, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. आणि गुरुजी, बिहारचं तुमचं बरोबर, घ्या. पण हरियाणात शाळेच्याच वेळेत रोज एक तास राखून, वर देखरेख ठेवून हे केलं, तेव्हा वाचन सुधारलं. देखरेख लागतेच.

दोनशिक्षकी_शिरपूर
आणि तासही लागतोच! तो तेवढा द्या. आमच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना मागच्या बाकावर बसवा, चहा मी पाजतो. हे लिहितोय तोवर ग्रुपवर लिंक आली, 'माहिती आज पाचपर्यंत भरावी'.

पालक_अमळनेर
रविवारी पण? मग जा, भरा. मुलीचं माहीत नव्हतं मला. बसवाल्या गुरुजींचं मात्र मागं घेत नाही.

धडगावची_लेक
तास मिळालाच, तर शिकवणार कोणत्या भाषेत?

खान्देशी_बाणा
अहिराणीत!

दोनशिक्षकी_शिरपूर
बाणा, गप रे. ताई, माझ्या वर्गात निम्मी पोरं पावरीच बोलतात, आणि मला त्यातले दहापर्यंत आकडेही धड येत नाहीत. नोकरीत इतकी प्रशिक्षणं झाली, हे एकातही नव्हतं. तुम्ही आकडे लिहून पाठवता का? लिंक भरून बघतो.