जर्मन आर्मीतला पगारवाला, पट्टी हिरवी का आकाशी?

रंगारी३५: १/३५ च्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेल किटमध्ये सैनिकाची एक फिगर आलीये, खाली नुसतं 'त्सालमायस्टर' लिहिलंय, म्हणजे पगार वाटणारा ना? खांद्याच्या पट्टीखाली कोणता रंग मारू, कुठे गडद हिरवा दाखवतात कुठे आकाशी, डोकं फिरलंय. सीन १९४० चा फ्रान्स आहे. आणि हा ऑफिसर धरायचा का क्लार्क?

किल्लेदार: वर्ष बघ रे. १९४० म्हणजे गडद हिरवा, सोबत पांढरी कड, पट्टीवर सोनेरी HV (जर्मनमध्ये लष्कर प्रशासन) ही अक्षरं. तो सैनिक नव्हताच मुळी, वर्दीतला सरकारी अधिकारी. दर्जा लेफ्टनंटचा, वरच्या पायरीवर ओबरत्सालमायस्टर, मग श्टाब्सत्सालमायस्टर वगैरे. १९४४ मध्ये यांना वेगळ्या सेवेत घालून खरे ऑफिसर केलं तेव्हा आकाशी आला. तोवर पोरं यांना 'नॅरोगेज ऑफिसर' (अरुंद रुळांवरचे, म्हणजे अर्धेमुर्धे ऑफिसर) म्हणून चिडवायची 😄

जुनीनाणी: काम नुसतं पगाराचं नव्हतं हां. बटालियनचं रेशन, कपडे, राहायची सोय, सगळ्याचा हिशोब याच्या गळ्यात, कंपनीत हातावर पैसे ठेवायला खाली वेगळा हिशोबनीस असायचा. पगार दर दहा दिवसांनी. प्रत्येकाच्या खिशात 'झोल्डबुख', नाव पगारबुक पण त्यात लसी, ब्लडग्रुप, मिळालेलं सामान सगळं, ओळखपत्रच ते.
आता फ्रान्सची गंमत, म्हणजे त्यांच्यासाठी गंमत नव्हती. जर्मनांनी १ मार्कला २० फ्रँक असा भाव स्वतःच ठरवला, मार्क एवढा महाग धरला की साध्या शिपायाला पण पॅरिसमध्ये सगळं स्वस्त, दुकानंच्या दुकानं रिकामी केली. वर ताबा ठेवायचा खर्च फ्रान्सकडूनच, दिवसाला २ कोटी मार्क. म्हणजे तुझा हा सभ्य पगारवाला लुटीचा काउंटर सांभाळतोय.

रंगारी३५: बापरे. मग याला हसरा चेहरा द्यायचा नाही. टेबलावर नोटांची चळत ठेवतो, पण एवढ्याशा नोटा कापायच्या कशा, कोणी केल्यात का?

किल्लेदार: स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर छोट्या छाप, सिगारेटच्या पातळ कागदावर. प्रिंटरमध्ये अडकतो, आधी साध्या कागदावर टेपने चिकटव.