चेक-इन काउंटरवर तुमचा कोणता कागद अडला? अनुभव लिहा

व्हिसा हातात आला की आपण निर्धास्त होतो. पण कागदांची पहिली आणि बहुधा सगळ्यात कडक तपासणी परक्या देशात नव्हे, निघतानाच चेक-इन काउंटरवर होते. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर, शिवाय बरेच देश दंडही ठोकतात. म्हणून काउंटरवरची माणसं आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) 'टिमॅटिक'मध्ये, म्हणजे देशोदेशीच्या प्रवास-कागदांच्या नियमांच्या डेटाबेसमध्ये, बघतात आणि तिथे जे दिसेल त्यावर अडून बसतात. नियमांच्या याद्या नकोत, घडलेलं सांगा.

*

माझ्या आतेबहिणीचं सांगते. मधला थांबा अमेरिकेत, काही तासांचाच. "मी विमानतळाबाहेर पाऊलच टाकणार नाहीये," असं ती परोपरीने सांगत होती. पण तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं. व्हिसा-माफीतल्या देशांचा पासपोर्ट नसेल तर ट्रान्झिटलाही व्हिसा हवाच. काउंटरवरूनच घरी.

*

माझा किस्सा पिवळ्या कार्डाचा, म्हणजे पीतज्वराच्या लशीच्या दाखल्याचा. कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली आणि ती उलटलेली. काउंटरवरच्या मुलीने तारखेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. खरं तर ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुनंसुद्धा. नियमाची प्रिंट जवळ होती, ती पुढे केली. तिने सुपरवायझरला बोलावलं, त्याने स्क्रीनवर खात्री केली, बोर्डिंग पास मिळाला. पहिल्यांदाच लस घेणार असाल तर लक्षात असू द्या, कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या रात्री टोचून घेऊन उपयोग नाही.

*

पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत उरलेली हवी, याचा सरसकट बाऊ होतो. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, फक्त पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. बाकी ठिकाणी सहा लागतात तिथे लागतातच, तिथे हुज्जत नको.

*

मी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा, नवरा सोबत नाही. नवऱ्याचं संमतीपत्र काढून ठेवलं होतं, पण इमिग्रेशन अधिकाऱ्याने त्याकडे बघितलंही नाही. काचेवरून वाकून थेट मुलालाच विचारलं, "ही कोण?" हा मख्ख. मग म्हणाला, "हिला झोप आलीये." अधिकारी हसला, पण पत्र मात्र त्यानंतर नीट वाचलंच.

*

पासपोर्ट नवा, अमेरिकेचा व्हिसा जुन्यात. दोन्ही सोबत नेले, काहीही अडलं नाही. व्हिसाचं पान शाबूत असलं की झालं. जुना पासपोर्ट रद्द करताना कोपरा कापतात, तेव्हा कात्री कुठे चाललीये ते बघा.

*

परतीचं तिकीट खरंच विचारतात का? मला तरी कुणी विचारलं नाही.

*

मला विचारलं. एकेरी तिकीट होतं, पुढच्या देशाचं बुकिंग दाखवल्यावरच बॅग बेल्टवर गेली.

*

संमतीपत्रवाल्या ताई, ते साधं होतं की नोटरी केलेलं? भाचीला घेऊन जायचंय.

*

नोटरी केलेलं. भाची असेल तर आई-बाबा दोघांच्याही सह्या घ्या, आणि जन्मदाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नको.