मदत हवी आहे : उतरत जाणारा अंधार संगणकीय मॉडेलमध्ये पारखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षात शिकते. यंदाच्या स्टुडिओत आम्हांला प्रत्यक्ष बांधायची नसलेली, निव्वळ संकल्पनेच्या पातळीवरची वास्तू रचायची आहे. जागा, खर्च आणि बांधकामाचे नियम या तिन्हींतून सूट आहे. मात्र वास्तूत शिरणाऱ्याला काय अनुभव येईल, हे आराखडे आणि मॉडेल यांतून पटवून देता आले पाहिजे, ही अट आहे. मी जमिनीखालचा श्रवणकक्ष हा विषय घेतला आहे. माणूस भर उन्हातून पायऱ्या उतरत खाली जाईल, उतरताना त्याचे डोळे हळूहळू निरुपयोगी होत जातील आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ फक्त कान उरतील. तिथे गायक आणि तंबोरा, बाकी काही नाही.

कल्पना अर्थातच इकडच्या वावांवरून, म्हणजे जमिनीखाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या विहिरींवरून सुचली. शहराच्या पश्चिमेला सेवासी गावात १५४३ सालची विद्याधर वाव आहे. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव तिच्याहूनही जुनी. परंतु मला वावेची प्रतिकृती करायची नसल्याने मी आकार वेगळा घेतला. मधोमध १२ मीटर चौरस आणि १८ मीटर खोल असा मोकळा कूप आहे, आणि त्याच्या चार भिंतींमागून वळत जाणारा जिना आहे. जिन्याचे पाच टप्पे असून प्रत्येकात १५ सेंटिमीटर उंचीच्या २४ पायऱ्या आहेत. जिन्यातून कूपाकडे झरोके उघडतात आणि ते खाली जाताना लहान होत जातात. झरोक्यांची मापे मी रायनो या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रासहॉपर हे सूत्रांवरून आकार घडवणारे साधन वापरून एका सूत्राला बांधली आहेत, म्हणजे एक आकडा सरकवला की सगळे झरोके एकदम बदलतात. हा भाग मनासारखा झाला आहे.

अडचण पुढे येते. हेच मॉडेल आमच्या कॉलेजातल्या एका रिअल-टाइम, म्हणजे फिरता फिरता चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जिन्यातून फिरले, तर पहिल्या टप्प्यावर जितका उजेड दिसतो जवळजवळ तितकाच चौथ्या टप्प्यावरही दिसतो. ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये, म्हणजे प्रकाशाचा हिशेब करून चित्र बनवणाऱ्या भागात रेंडर केले, तर पहिले दोन टप्पे छान येतात आणि तिसऱ्यापासून खाली एकदम काजळी. सूर्य मी दोन्हीकडे २२ डिसेंबरच्या दुपारी बाराचा ठेवला आहे, कारण आमची ज्यूरी, म्हणजे परीक्षकांपुढचे सादरीकरण, त्याच सुमारास असते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवून खालचे टप्पे दिसते करता येतात, हे मला ठाऊक आहे. पण तसे केले की तो उजेड वास्तूचा राहत नाही, माझ्या माउसचा होतो.

बुले या फ्रेंच वास्तुविशारदाने १७८४ साली न्यूटनच्या स्मारकाची जी रेखाटने केली, त्यांत घुमटाला पाडलेल्या छिद्रांतून भर दिवसा आत चांदण्यांची रात्र दिसते. ते कधीच बांधले गेले नाही, तरी त्यातला उजेड कुणाला खोटा वाटत नाही. त्याच्या हाती शाई होती. माझ्याकडे भौतिकशास्त्राचे नियम पाळण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर आहे, आणि ते दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे देते. त्यामुळे यांपैकी कोणत्या चित्रावर विश्वास ठेवावा, टप्प्याटप्प्याने उतरणारा उजेड मोजण्याची एखादी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी पद्धत आहे का, आणि मुळात पडद्यावर अंधाराचा अनुभव पारखता येतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : बडोद्यातील एक वास्तुविशारद

तुमच्या आराखड्यात मला दोष दिसत नाही. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या सवयीप्रमाणे वागत आहेत, आणि त्या सवयी परस्परांविरुद्ध आहेत.

रिअल-टाइम सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा स्वयंचलित एक्स्पोजर सुरू असते. कॅमेरा अंधारात गेला की ते चित्र आपोआप उजळते, त्यामुळे उतरण्यातला सगळा फरक पुसला जातो. ते बंद करून पहिल्या पायरीवर एकदा एक्स्पोजर ठरवावे आणि तळापर्यंत त्याला हात लावू नये. सायकल्समध्ये उलट घडते. तिथे पृष्ठभागांवरून पसरणाऱ्या प्रकाशाची परावर्तने मुळात चारवर थांबवलेली असतात. उघड्या अंगणाला तेवढी पुरतात, पण १८ मीटर खोल कूपात आणि त्यामागच्या जिन्यात जो उजेड पोहोचतो तो बराचसा भिंतीवरून भिंतीवर आपटत आलेला असतो, आणि चौथ्या परावर्तनानंतरचा सगळा प्रकाश हिशेबातून वगळला जातो. भिंती जितक्या फिक्या, तितका हा तोटा मोठा. ती मर्यादा बारा-सोळापर्यंत वाढवून पाहावी. एकूण परावर्तनांची वेगळी मर्यादा बारा असते, तीही सोबत वाढवावी लागेल. आणखी एक गोष्ट तपासावी : ब्लेंडरमधल्या नव्या मटेरियलचा रंग ०.८ असतो, म्हणजे ते जवळपास चुना लावलेल्या भिंतीइतका प्रकाश परत फेकते. तुम्हांला वालुकाश्म अभिप्रेत असेल तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी धरावे लागेल.

आता सूर्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बडोद्याचे रेखांश सुमारे ७३.२ अंश पूर्व आहे आणि आपली घड्याळे ८२.५ अंशांवर चालतात, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटून जातात. त्या वेळी त्याची उंची २२ डिसेंबरला साधारण ४४ अंश, विषुवदिनी ६८ अंश आणि २१ जूनला तब्बल ८९ अंश असते. आपले शहर कर्कवृत्ताच्या जरासेच दक्षिणेला आहे, हे विसरून चालणार नाही. हा हिशेब तुमच्या कूपाला लावला, तर डिसेंबरात ऊन उत्तरेच्या भिंतीवर पावणेबारा मीटरच्या आसपास थांबते, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या थोडे खाली. विषुवदिनी तळाच्या उत्तरेकडचा साडेचार मीटरचा पट्टा उजळतो. आणि जूनमध्ये मध्यान्हीला जवळजवळ अख्खा तळ उन्हात असतो. तुमच्या श्रवणकक्षात सर्वांत जास्त अंधार हवा आहे, पण ऐन उन्हाळ्यात तुमच्या जिन्यातून उतरणारा माणूस अंधारातून लख्ख उजेडात पोहोचेल.

हे ज्यूरीत कुणीतरी विचारणारच, तेव्हा आधीच ठरवून टाका. कूपाचे तोंड अरुंद करता येईल किंवा कूपच उभा न ठेवता कलता घेता येईल. आणि मला विचाराल तर श्रवणकक्ष तळावर न ठेवता तळापासून आणखी एक वळण आत न्यावा.

प्रतिसाद : धागाकर्ती

मनापासून आभार. परावर्तने वाढवल्यावर चौथा टप्पा दिसू लागला, आणि जूनचा सूर्य लावल्यावर आपण म्हणालात तसाच तळ लखलखला. एक वळण आत नेण्याची सूचना मी स्वीकारते आहे. परंतु एक्स्पोजर पहिल्या पायरीवरच गोठवल्यावर आता तिसऱ्या टप्प्यावर पडदा इतका काळा दिसतो, की पाहणाऱ्याला वाटेल रेंडर बिघडले. खऱ्या जिन्यात माणसाला तिथे काहीतरी दिसेलच ना?

प्रतिसाद : बडोद्यातील एक वास्तुविशारद

दिसेल, पण लगेच नाही. स्वच्छ दुपारी बाहेर सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो आणि तुमच्या खालच्या टप्प्यांवर त्यातले अगदी थोडेच लक्स उरतील. डोळ्याला एवढी घसरण पचवायला वेळ लागतो. अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे जातात. तुमच्या १२० पायऱ्या मात्र दोन-तीन मिनिटांत संपतात. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, तिथे दुपारी उन्हातून सरळ आत शिरा आणि भिंतीवरची चित्रे दिसायला लागेपर्यंत किती वेळ जातो ते स्वतः अनुभवा. म्हणजे तुमच्या रचनेतला अंधार झरोक्यांइतकाच चालण्याच्या वेगावर अवलंबून आहे. जिन्यात बसायला कट्टे दिलेत तर तो कमी होईल, न थांबता उतरायला लावलेत तर वाढेल.

म्हणून वावेकडे पुन्हा एकदा बघा. गुजरातेतल्या वावांत उजेड सरळ रेषेत कमी होत नाही. छताखालचा मंडप, मग उघडा भाग, पुन्हा मंडप, अशी आलटापालट असते. प्रत्येक उघड्या भागात डोळे पुन्हा दिपतात आणि त्यामुळे पुढचा मंडप आहे त्याहून काळोखा भासतो. तुमच्या सूत्रात झरोके क्रमाने लहान होत जातात, म्हणजे तुम्ही डोळ्यांना सरावायला सवड देता आहात. दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर झरोका मुद्दाम मोठा ठेवून पाहा. एकूण प्रकाश वाढूनही तळ अधिक अंधारा वाटण्याची शक्यता आहे.

प्रतिसाद : इंदूरहून, मॉडेल बनवणारा एक कारागीर

वरील चर्चेत हाताने बनवलेल्या मॉडेलचा उल्लेख कुणीच केलेला नाही, म्हणून लिहितो. दिवसाच्या उजेडाला प्रमाणाचे बंधन नसते. झरोके प्रमाणात असले आणि भिंतींचा रंग तेवढाच प्रकाश परत फेकणारा असला, तर छोट्या मॉडेलच्या तळाशी पडणारा उजेड खऱ्या वास्तूच्या तळाशी पडणाऱ्या उजेडाइतकाच असतो. कोणतेही सॉफ्टवेअर न घेता हिशेब जुळतो.

१:५० प्रमाणात तुमचा कूप २४ सेंटिमीटर चौरस आणि ३६ सेंटिमीटर खोल होईल, जिन्यासकट तो सहज उचलून गच्चीवर नेता येईल. डोळ्याची उंची दीड मीटर धरली, तर प्रत्येक टप्प्यावर पायरीपासून तीन सेंटिमीटर वर बाहेरच्या भिंतीला मोबाइलच्या लेन्सपुरते भोक पाडावे, आणि एक्स्पोजर लॉक करून सगळी छायाचित्रे काढावीत. नुसत्या सनबोर्डने, म्हणजे मॉडेलसाठी मिळणाऱ्या हलक्या फोमच्या पुठ्ठ्याने, भिंती करू नका, तो प्रकाश आरपार सोडतो. आतून माउंटबोर्ड (रंगीत जाड पुठ्ठा) आणि बाहेरून काळा कागद लावा. सांध्यांवर ॲल्युमिनियमचा टेप चिकटवा. कोपऱ्यातली केसभर फटसुद्धा तळाशी चटकन नजरेत भरते. वेगवेगळ्या महिन्यांतले ऊन पाहण्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. २२.३ अंश अक्षांशाचे छायायंत्र (सावलीवरून तारीख-वेळ दाखवणारी तबकडी) छापून मॉडेलच्या पाटावर चिकटवायचे, त्यात खिळा उभा करायचा आणि हव्या त्या तारखेच्या रेषेवर त्याची सावली येईपर्यंत पाट कलता करायचा.

प्रतिसाद : धागाकर्ती

आपले दोघांचेही आभार. झरोके बदलता येतील असे सुटे ठेवून आधी हे मॉडेल करते, आणि ग्रासहॉपरमधल्या सूत्राला दुसऱ्या-चौथ्या टप्प्याचा अपवाद जोडते. एक शंका उरली आहे : आतल्या बाजूला वालुकाश्माच्या जवळ जाणारा माउंटबोर्ड बाजारात कोणत्या रंगाचा मिळेल, की पांढऱ्यावर रंग द्यावा?

प्रतिसाद : इंदूरहून, मॉडेल बनवणारा एक कारागीर

रंग देऊ नका, बोर्ड वाकतो आणि चकाकतोही. खाकी किंवा फिका तपकिरी, चकाकी नसलेला बोर्ड घ्या. तो दगडाचा तुकडा आणि पांढरा कागद यांच्या शेजारी ठेवून एकाच उजेडात तिघांचे छायाचित्र काढा. कृष्णधवल केल्यावर बोर्ड आणि दगड सारख्याच छटेचे दिसले की काम झाले.