मदत हवी आहे: अण्णांच्या पाठीवरची जुनी गाठ दुखत नाही, तरी दाखवावी का?

नमस्कार. आम्ही तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. अण्णा ६१ वर्षांचे. उजव्या फऱ्याखाली त्यांना बारा-पंधरा वर्षांपासून गाठ आहे. पूर्वी लिंबाएवढी होती, मऊ, बोटाने ढकलली की सरकायची. गावातल्या डॉक्टरांनी तेव्हा हाताने बघून चरबीची गाठ म्हणून सांगितलं होतं. आई म्हणते, दिवाळीपासून वाढलीय. मी टेपने मोजली तर सहा सेंटिमीटर भरली, आणि खालच्या अंगाला घट्ट लागते.

अण्णांचं एकच पालुपद: "दुखत नाही, खुपत नाही, कशाला डिवचायची? सुई लावली की पसरते." त्यात ऑक्टोबरची छाटणी तोंडावर. मला मात्र चैन पडत नाही. छाटणी उरकून नेलं तर चालेल का? आणि दाखवायचं कुणाला?

प्रतिसाद:
दादा, छाटणीसाठी थांबू नका, याच आठवड्यात न्या. मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. "दुखत नव्हती म्हणून आलो नाही" हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो. चरबीची गाठ सहसा दुखत नाही, तसा सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागात होणारा कॅन्सरही, बऱ्याचदा सुरुवातीला दुखत नाही. म्हणून सर्जन बघतात ते हे: गाठ वाढतेय का, पाच सेंटिमीटरच्या वर आहे का, घट्ट किंवा खोल स्नायूला धरून आहे का, काढल्यावर परत आलीय का. अण्णांच्या गाठीत यातलं बरंच आहे. अशा गाठीही पुष्कळदा साध्याच निघतात, पण नुसत्या हाताने ते ठरत नाही.

मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सर्जरी ओपीडीला दाखवा. आधी सोनोग्राफी होते, शंका आली तर एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासतात. सुईने साधी गाठ कॅन्सरची होत नाही, हे अण्णांना नीट समजावा. खरं जपायचं ते वेगळंच: काही तपासणी न करता कुणी "लगेच चिरून काढू" म्हणालं तर तयार होऊ नका. काढलीच, तर ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. आईने अण्णांना राजी केलंय, सोमवारी मिरजेला निघतोय. सोबत काय काय घेऊ?

प्रतिसाद:
जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड. केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा.