पोस्ट प्रॉडक्शन मॅनेजर व्हायला एडिटिंग यायलाच हवं का?

अर्धविराम: पोस्टच्या, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामांच्या, मॅनेजमेंटमध्ये शिरायचं म्हणून आधी एडिटिंग सॉफ्टवेअरचा कोर्स लावणारे बरेच दिसतात. माझ्या मते पैसे वाया. कट करायला एडिटर आहे, रंगाला कलरिस्ट आहे. मॅनेजरने बघायचं ते एवढंच, की कोणाचं काम कोणावाचून अडलंय आणि बजेट कुठे गळतंय. शिवाय दिग्दर्शकाला ‘आता पुरे’ म्हणता आलं पाहिजे. या कामाला एक्सेल आणि गेंड्याची कातडी लागते. बाकीचं कामावर शिकता येतं.

फ्रेमवेडा: कामावर शिका, पण निर्मात्याच्या पैशाने? सेकंदाला २४ फ्रेम्सने शूट झालेलं चित्र २३.९७६ वर चालवलं आणि आवाज तसाच ठेवला, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. तुमचं एक्सेल हे पकडणार?

अर्धविराम: असिस्टंट एडिटर पकडेल. त्यासाठीच तर तो असतो.

फ्रेमवेडा: पकडेल हो. पण दुरुस्तीला किती वेळ लागेल हे तुम्हाला कळत नसेल, तर तुम्ही ‘उद्या सकाळी दे’ म्हणून मोकळे.

रात्रपाळी: दोघांचंही अर्धवट पटलं. मशीन चालवता येणं वेगळं आणि एका बदलाची झळ कुठवर जाते हे माहीत असणं वेगळं. पिक्चर लॉकनंतर, म्हणजे एडिट पक्का झाल्यावर, दिग्दर्शकाने एका शॉटमधल्या १२ फ्रेम्स काढल्या. म्हणजे अर्धा सेकंद. ‘एवढंसं तर आहे!’ पण तिथून पुढचे संवाद, फोली (स्टुडिओत पुन्हा केलेले पावलं, दारं असे आवाज), संगीत, सबटायटल्स सगळं सरकतं. त्या शॉटवर व्हीएफएक्स चालू असेल तर त्यांना नवी लांबी कळवायची, साउंडला बदलांची यादी द्यायची, डीआयमध्ये (रंग आणि अंतिम चित्राच्या टप्प्यात) कन्फॉर्म, म्हणजे मूळ फुटेज एडिटप्रमाणे जुळलंय का, ते पुन्हा तपासायचं. हे मॅनेजरच्या डोक्यात तिथल्या तिथे आलं पाहिजे, तरच ‘करू, पण साउंड मिक्स पुढे जाईल आणि खर्च एवढा वाढेल’ असं तोंडावर सांगता येतं. नुसती कातडी जाड असून काय उपयोग?

अर्धविराम: हे मान्य. पण यासाठी टाइमलाइनवर बसावं लागत नाही, हेच तर म्हणतोय.

फ्रेमवेडा: बसल्याशिवाय कळत नाही, हे मी म्हणतोय. निदान एखादी शॉर्टफिल्म कॅमेरा कार्डांपासून डीसीपीपर्यंत (थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीपर्यंत) स्वतः न्या.

वहीखाते: डिलिव्हरीच्या यादीचा विषय कोणीच काढला नाही! वितरकाला काय काय हवंय ते एडिट सुरू व्हायच्या आधी वाचायचं असतं. दुसऱ्या भाषेत डबिंग होणार असेल तर संवाद वगळून संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक लागतो. मूळ आवाजातली पावलं, दारं संवादाबरोबर जातात, ती फोलीत पुन्हा भरायची. मिक्स संपल्यावर हे आठवलं की स्टुडिओ परत बुक करा. करार नीट वाचणं हेही कौशल्यच आहे, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

फ्रेमवेडा: करारात फ्रेम रेटही लिहिलेला असतो बरं का.

वहीखाते: असतो. म्हणून तर वाचा म्हणतेय.