मदत हवी आहे : प्रथम वर्षाच्या संशोधनलेखात ‘स्वतःचे म्हणणे’ कसे मांडावे?

नमस्कार. मी नाशिकमध्ये कला शाखेच्या प्रथम वर्षात शिकत आहे. या सत्रात आम्हाला शैक्षणिक लेखन आणि संशोधन हा विषय असून प्रत्येकाने एखाद्या स्थानिक विषयावर पंधराशे शब्दांचा ससंदर्भ लेख लिहायचा आहे. मी जुन्या नाशकातील तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यवसाय निवडला, कारण तांबट आळीतील काही कारागिरांशी माझ्या मामांची जुनी ओळख आहे.

माहितीची चणचण नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड (१८८३) संकेतस्थळावर वाचला, सावानात (सार्वजनिक वाचनालय नाशिक) जाऊन काही जुने लेख काढले आणि दोघांशी प्रत्यक्ष बोललो. त्यांपैकी एक कारागीर हंड्यावर मठारकाम (हातोडीचे ठोके देण्याचे काम) करता करता बोलत होते. प्रश्न विचारला की हातोडी थांबे, उत्तर संपले की पुन्हा ठोके सुरू होत. त्यांच्या मते स्टेनलेस स्टीलने धंदा बसवला. दुसरे भांडी बाजारातील दुकानदार. त्यांना मात्र हे मान्य नाही. स्टील आल्यावरही पाणी तापवण्याचा बंब खपत होता, त्याला खरा धक्का गीझरने दिला, असे ते सांगतात.

हे सर्व क्रमाने लिहून मॅडमना कच्चा मसुदा दाखवला, तेव्हा त्यांनी समासात एवढेच लिहिले : ‘माहिती चांगली आहे, पण यात तुमचे म्हणणे काय?’ बारावीपर्यंत आमचा अभ्यास गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर झाला. उत्तर पुस्तकाबाहेरचे असेल तर गुण जातात, हेच आम्हाला ठाऊक. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने मत मांडायचे ते कशाच्या बळावर? शिवाय गॅझेटियर इंग्रजीत आहे. त्यातील मजकूर मी मराठीत आणला, तर तो माझ्या शब्दांत झाला असे धरायचे का? आणि या दोघांच्या मुलाखतींचा संदर्भ कसा द्यायचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमच्या मॅडमनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ‘म्हणणे’ म्हणजे तुमची आवडनिवड नव्हे. एका नेमक्या प्रश्नाला पुराव्यांच्या आधारे दिलेले, आणि कोणी अधिक चांगला पुरावा आणला तर बदलता येईल असे उत्तर. तुमच्या लेखात उत्तर दिसत नाही, कारण प्रश्नच अजून ठरलेला नाही. ‘नाशिकचा भांडी व्यवसाय’ हा विषय झाला, आणि पंधराशे शब्दांत तो कोणालाच आवरणार नाही. प्रश्न तर तुमच्या हातात आयता आला आहे. कारागीर स्टीलला दोष देतात, दुकानदार गीझरला. मग दोघांना एकाच धंद्याची घसरण निरनिराळी का दिसते? कदाचित हंडे-कळशा एका कारणाने मागे पडल्या असतील आणि बंब दुसऱ्या, म्हणजे दोघेही आपापल्या मालापुरते खरे बोलत असतील. ही शक्यता तपासून पाहणे हाच तुमचा लेख. (माझ्या मते असा मतभेद हाती लागणे हे संशोधकाचे नशीब, दोघे एकसारखे बोलले असते तर तुमचे काम अधिक कठीण झाले असते.)

गॅझेटियरबद्दल सांगायचे तर त्यात काय नोंदवले आहे इतकेच ते कोणासाठी नोंदवले आहे हेही लक्षात घ्यावे. तो इंग्रज सरकारने कारभारासाठी तयार करून घेतलेला ग्रंथ आहे. स्टील किंवा गीझरविषयी तो अर्थातच काही सांगणार नाही, पण एकोणिसाव्या शतकात धंदा कोणत्या स्थितीत होता हे दाखवणारा आरंभबिंदू म्हणून तो उपयोगी पडेल. त्यातील वाक्य जसेच्या तसे मराठीत आणले, तर ते भाषांतरित अवतरणच होय. ते अवतरणचिन्हांत द्यावे, भाषांतर तुमचे असल्याचे नमूद करावे आणि पृष्ठक्रमांक छापील खंडाचा द्यावा, कारण संकेतस्थळावरील पानांचे क्रम वेगळे असू शकतात. आशय घेऊन वाक्यरचना पूर्णपणे स्वतःची केली, तर अवतरणचिन्हे नकोत, मात्र संदर्भ तरीही हवाच. अशा वेळी मूळ पान बंद करून, जे समजले ते लिहावे आणि मगच ताडून पाहावे; पान समोर उघडे ठेवून शब्द बदलत बसले की मूळ वाक्याचा सांगाडा तसाच राहतो.

मुलाखतींबाबत आधी महाविद्यालयात संदर्भ देण्याची कोणती पद्धत मान्य आहे ते विचारा; एमएलए आणि एपीए या त्यांपैकी दोन प्रचलित पद्धती. एमएलए पद्धतीत स्वतः घेतलेली मुलाखत संदर्भसूचीत येते. एपीएमध्ये मात्र ती सूचीत येत नाही, कारण वाचकाला ती शोधून पाहता येत नाही. तिचा उल्लेख मजकुरातच करतात. पद्धत कोणतीही असो, नाव छापू का, हे दोघांनाही स्पष्ट विचारा. नको म्हणाले तर ‘तांबट आळीतील एक ज्येष्ठ कारागीर’ एवढेच पुरे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून संदर्भ मागवू नका, कारण अशी साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे बेधडक देतात.

आणखी एक. दुकानदारांकडे जुन्या रोजकीर्दी (रोजच्या हिशेबाच्या वह्या) असतील, तर बंब आणि हंडे यांची विक्री कोणत्या वर्षांपासून कमी झाली ते त्यांत सापडू शकेल, आणि तसे झाले तर तुमचा लेख केवळ आठवणींवर उभा राहणार नाही. वह्या दाखवतील का, एवढे मामांकडून विचारून घ्या, आणि फोटो काढण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या.