अभ्यासिकेसाठी कोणता पीसी: नवा एन१०० की सेकंडहँड आय५?

माणदेशी:
गावच्या अभ्यासिकेत चार पीसी घ्यायचे आहेत. सकाळी आठ ते रात्री आठ चालतील. स्पर्धा परीक्षेची मुलं व्हिडिओ बघणार, सराव चाचण्या सोडवणार. दोन मशिनं आठवडाभर घरी आणून प्लगला मीटर लावून पाहिली. एक इंटेल एन१०० चा नवा मिनी पीसी (२०२३ ची चिप, ४ कोअर), दुसरा आय५-८५००टी चा सेकंडहँड टायनी, म्हणजे छोटा डेस्कटॉप (२०१८ ची चिप, ६ कोअर). दोन्हींत १६ जीबी रॅम आणि एसएसडी.

नुसतं चालू ठेवलं तर एन१०० ला ८ वॅट, आय५ ला १२. पूर्ण ताण दिला की २२ आणि ५५. तोच व्हिडिओ दोन्हींवर प्रोसेसरकडूनच लहान फाइलमध्ये बदलून घेतला तर एन१०० ला २० मिनिटं लागली, आय५ ला १४. म्हणजे आय५ लवकर मोकळा होतो, पण तेवढ्याच कामाला १३ वॅट-तास खातो, एन१०० साधारण सव्वासात.

एन१०० च्या खोक्यावरच्या '६ वॅट'वर जाऊ नका. तो आकडा चिपचा. रॅम, एसएसडी, अडॅप्टरची गळती हे सगळं मीटरवर दिसतं. तरीही माझं मत एन१०० ला.

डीटीपीवाली:
माणदेशी दादा, मीटर लावून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. पण हिशेब पुढे न्या. ४ वॅटचा फरक, १२ तास, चार मशिनं: वर्षाला ७० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी ७०० रुपये. त्यासाठी मुलांना वर्षभर सुस्त मशीनपुढे बसवायचं? एन१०० ला मेमरीचा एकच चॅनल असतो, म्हणजे रॅमकडे जायची वाट एकच. पंधरा टॅब उघडे ठेवून मोठी पीडीएफ सरकवून बघा, अडखळणं लगेच जाणवतं. मी दिवसभर तेच काम करते.

शिवाय माझ्या एका मिनी पीसीचा अडॅप्टर आठव्या महिन्यात गेला, तसाच दुसरा मिळेना. टायनीचे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. आणि जुनं मशीन आधीच बनलेलं आहे. नवं बनवायलाही वीज लागतेच, ती आपल्या मीटरवर येत नाही एवढंच.

खटपट्या:
दोन्ही सोडा, रास्पबेरी पाय ५ घ्या, एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. नुसता चालू असताना ३ वॅटच्या आसपास.

डीटीपीवाली:
त्यावर आपली नेहमीची विंडोजची सॉफ्टवेअर चालत नाहीत. श्रीलिपीत टाइप करायला आलेल्या मुलाला काय सांगणार?

माणदेशी:
ताई, पैशाचा हिशेब मान्य. पण आमच्याकडे वीज जाते, आणि खरा प्रश्न इन्व्हर्टरचा आहे. १२ व्होल्टची, १५० एएचची एक बॅटरी, निम्मी वापरली तर साधारण ९०० वॅट-तास. यूट्यूबचा एव्ही१ (व्हिडिओ लहान करून पाठवायचा नवा प्रकार) व्हिडिओ लावला की एन१०० १२ वॅटवर राहतो, कारण तो उलगडायची खास सोय त्या चिपमध्येच आहे. आठव्या पिढीच्या आय५ मध्ये ती सोय नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि मीटर २८ दाखवतो. स्क्रीनचे २० धरून चार जागांचा हिशेब केला तर एन१०० वर सात तास निघतात, आय५ वर पावणेपाच. पोरं संध्याकाळीच येतात हो. दिवे जायची वेळही तीच.

डीटीपीवाली:
हे मला सुचलं नव्हतं. पण ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करता येतो. मग यूट्यूब व्हीपी९ हा आधीचा प्रकार देतं, ते आय५ चिपमध्येच उलगडतो. एकदा करून बघा.

वायरमन तात्या:
चार वॅटवरून भांडताय आणि स्क्रीनच्या २० वॅटकडे कुणी पाहत नाही! मी आमच्या वाचनालयात ब्राइटनेस १०० वरून ४० वर आणला, २१ वॅटचे १२ झाले. फुकटात. डोळ्यांनाही बरं वाटतं.

माणदेशी:
दोन्ही करून पाहिलं. एव्ही१ बंद केल्यावर आय५ १६ वॅटवर आला. स्क्रीन १३ वर. आता आय५ वर पावणेआठ तास निघतात, एन१०० वर नऊ.

डीटीपीवाली:
पावणेआठ तास दिवे जात नाहीत ना तुमच्याकडे? मग आय५ घ्या.

माणदेशी:
पावसाळ्यात जातात, ताई. गेल्या जुलैत दीड दिवस नव्हते. मी एन१०० वरच आहे, पण अडॅप्टर दोन जास्तीचे आधीच मागवतो.